‘बघू’चं भाषांतर

सदा, हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला फार कष्ट पडले नाहीत. कुणी विचारलं नाही की काम भागतं, आणि कुणी विचारत नव्हतं, कारण लुआंडात काय झालं ते आपल्याला माहीत आहे असा सगळ्यांचा समज होता. तो समज मीच करून दिला होता.

परवा पार्ल्यात तुझी शोकसभा झाली. शाळेतली आपली उरलेली मंडळी आली होती. दोघेजण तुझ्याबद्दल चांगलं बोलले आणि सभा फार जड व्हायला लागली, तेव्हा बंड्या उठला. त्याला तू ओळखतोसच. म्हणाला, “आमचा सदा म्हणजे फाडफाड पोर्तुगीज. कंपनीने कौतुकाने आफ्रिकेत नेला. तिथे गेल्यावर पठ्ठ्याने ‘बघू’चं भाषांतर काय केलं? ‘हो’! वाट लागली ना कंपनीची. पुढच्या विमानाने परत!” सगळे हसले. प्रेमानेच हसले. मीही हसलो. इतक्या वर्षांत त्या किश्शाला कुठे हसायचं ते मला पाठ झालं आहे.

निघताना कुंदावहिनी दाराशी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, “भाऊजी, एक विचारू? ह्यांचं पोर्तुगीज खरंच कच्चं होतं का हो?”

मी म्हणालो, “छे, छे. उत्तम होतं.”

“मग?”

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या पाया पडायला आलं आणि मी चपला शोधायला लागलो.

म्हणजे तू घरीसुद्धा सांगितलं नाहीस. हे मला तुझ्या शोकसभेत कळलं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकासाठी मला तुझ्यावर चार ओळी लिहायला सांगितलं आहे. चार ओळींत ते बसत नाही. बंड्या हा अंक वाचतो, वहिनीही वाचतील, म्हणून तुला उद्देशून सगळं लिहितो आहे.

गोवा मुक्त झाल्यावर तुझे वडील मडगावचं दुकान काकांच्या हवाली करून पार्ल्याला आले आणि तू आमच्या वर्गात आलास. तोवर तू पोर्तुगीज शाळेत शिकलेला. पहिल्या दिवशी मास्तरांनी नाव विचारलं तर तू इतका ताठ उभा राहिलास की मागच्या बाकावरून कुणीतरी “सलाम, फिरंगी!” म्हणालं. मग बरेच दिवस तुझं नाव फिरंगीच होतं. तू रडला नाहीस. मधल्या सुट्टीत आम्हाला गोळा करून म्हणालास, “तुझ्या बाबांना मिळतो तो पगार आमचा शब्द. चावी आमची. बालदी आमची. साबण, बटाटा, लिलाव, सगळं आमचं. परत घेतलं तर तुम्ही काय बोलणार?” आम्हाला खरोखर काळजी वाटली होती.

पुढे तुला ती भाषा बोलायला माणूसच राहिलं नाही. तरी तू ती मोडू दिली नाहीस. आरशासमोर बोलायचास म्हणे. उच्चारांच्या बाबतीत तू असह्य होतास, हे आज तू नसतानाही मी मागे घेणार नाही. हॉटेलातल्या पोऱ्याने ‘पाव’ म्हटलं तरी तू ‘पाँव’ म्हणून दुरुस्त करायचास. तुझी कारखान्यातली नोकरी कारखान्याबरोबरच संपली, आणि त्याच सुमारास आमच्या कंपनीला अंगोलात काम मिळालं. साहेबांना पोर्तुगीज येणारा भरवशाचा माणूस हवा होता. मी तुझं नाव सांगितलं. तू मला फोनवर विचारलंस, “तिथे बोलतात ती कोणती? लिस्बनची की आपली?” मी म्हणालो, “मला काय माहीत?” तू म्हणालास, “चालेल. त्यांना शिकवू.”

इथे कुणाला अंगोला फारसा माहीत नाही, म्हणून थोडं सांगतो. तिथले पोर्तुगीज गेले त्याच वर्षी देशात आपापसात युद्ध सुरू झालं आणि ते पाव शतकाहून जास्त चाललं. एका बाजूकडे तेल होतं, दुसरीकडे हिरे. दोन्हींच्या मागे मोठे देश होते, त्यामुळे दारूगोळा कुणालाच कमी पडला नाही. आतल्या मुलखातली माणसं सुरुंगांच्या शेतांतून पळून राजधानीत आली आणि लुआंडाभोवतीच्या लाल वाळूवर पत्र्याची घरं बांधून राहिली. त्या वस्त्यांना ‘मुसेक’ म्हणतात. आपण पोचलो तेव्हा युद्ध संपून थोडी वर्षं झाली होती आणि तेलाचा पैसा आला होता. तेल लांब समुद्रात होतं, शहरातल्या कुणी ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. दिसत होत्या त्या क्रेन. खाडीच्या कडेला काचेच्या इमारती उठत होत्या, त्यांच्या मागच्या अंगाला बायका डोक्यावरून पाणी वाहत होत्या, आणि सगळीकडे जनरेटरचा आवाज होता. टोमॅटोही परदेशातून येत होते. ज्या पोर्तुगालने ह्यांच्यावर राज्य केलं तिथली तरुण पोरं नोकरी शोधत लुआंडाला येत होती. तुला ह्याची फार मजा वाटायची. एका गोऱ्या पोराचा अर्ज बघून म्हणालास, “बघ, आला की नाही पगार मागायला. शब्द त्यांचा, पगार ह्यांचा.”

तिथे तुला सगळे ‘कोटा सदा’ म्हणायचे. कोटा म्हणजे वडीलधारा. इथे कॉलेजच्या प्रवेशात कोट्यावरून भांडणारे आपण, आणि तू तिथे जाऊन स्वतःच कोटा झालास. तुझा तोरा वाढला होता. वाढणारच. तुझी भाषा पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगाला आली होती.

दुभाष्याचं काम कसं करतात ते मला तुझ्याकडून कळलं. पहिल्याच आठवड्यात सिमेंटवाल्याने भिजलेल्या गोण्या पाठवल्या. मी चिडून बोलत होतो, तू शांत चेहऱ्याने सांगत होतास. नंतर कळलं की तू ‘साहेब म्हणतात’ असं म्हणतच नव्हतास. मी ‘तुला बघून घेईन’ म्हटलं की तूही ‘तुला बघून घेईन’ म्हणायचास. सिमेंटवाला घाबरून माझ्याऐवजी तुझीच समजूत काढायला लागला.

“अरे, तो तुझ्यावर चिडेल ना,” मी म्हणालो.

“दुभाष्याला स्वतःचा ‘मी’ नसतो,” तू म्हणालास. “जो बोलतो त्याचा ‘मी’ तोच माझा. तू शिंकलास तर मीही शिंकेन.”

आणि पुढच्या बैठकीत खरंच शिंकलास.

मला तिथे मलेरिया झाला ते दिवस मी विसरलेलो नाही. कॅम्पच्या खानावळीतलं अन्न पोटात ठरत नव्हतं. तू कुठून तरी जाडा तांदूळ मिळवलास, पेज केलीस, आणि वर मीठ घातलेला सुका मासा भाजून दिलास. माशाचा वास सगळ्या कॅम्पभर झाला. चिनी कामगारसुद्धा डोकावून गेले. “गप गिळ,” तू म्हणालास, “वर्सोव्याला आहोत असं समज.” तो मासा दोना फिलोमेनाकडचा होता.

दोना फिलोमेना. वहिनींना हे नाव तू सांगितलं होतंस का, कोण जाणे. आमच्या कामाच्या हद्दीला लागून जी मुसेक होती तिथली ती म्हातारी मासेवाली. वस्तीचं कुणी ऐकत असेल तर तिचंच. तुझं आणि तिचं रोज भांडण व्हायचं. ती ज्याला कारापाऊ म्हणायची तो आपल्या बांगड्याचा लांबचा भाऊ. तू त्याचे कल्ले उघडून बघायचास आणि म्हणायचास, “हा काल मेला.” ती म्हणायची, “तू तर परवा मेलास, तरी फिरतोसच ना?” तू हे मला भाषांतर करून सांगायचास आणि दोघं मिळून माझ्याकडे बघून हसायचात.

आमचं काम होतं टेकडीवरून खाडीपर्यंतचा मोठा नाला आणि त्याच्या बाजूचा रस्ता. तिची वस्ती त्याच्या आड येत होती. रस्त्याच्या पलीकडे नवी वसाहत व्हायची होती, म्हणजे नकाशावर होती. वस्तीतल्या लोकांना शहराबाहेर लांब एका जागी तात्पुरतं हलवायचं ठरलं होतं. परत आणायचं की नाही, हे कागदावर कुठेच नव्हतं. सरकारी खात्याने आम्हाला सांगितलं, लोकांशी तुम्हीच बोला, जागा मोकळी करून घ्या. मुंबईहून साहेबांचा रोज फोन. यंत्रं येऊन उभी होती.

म्हणून ती सभा झाली. वस्तीत गोरखचिंचेचं मोठं झाड होतं, त्याच्या सावलीत. आल्या आल्या तू खोडावर थाप मारून म्हणालास, “आपल्या अंधेरीला आहे ना हे!” दोन-अडीच तास प्रश्न चालले. ऊन चढत होतं. शेवटी दोना फिलोमेना उठली. तू तिचं बोलणं सांगितलंस ते मला शब्दशः आठवतं, कारण तू नेहमीप्रमाणे ‘मी’ म्हणून बोलत होतास, आणि तुझ्या तोंडून ते चमत्कारिक वाटलं होतं. “मला युद्धाने इथे आणलं. आता शांतता इथून उठवते आहे. उठते मी. पण रस्ता झाल्यावर ह्याच जागी घर देणार का, एवढं सांगा.”

मी म्हणालो, “बघू.”

तू थांबलास. माझ्याकडे वळून मराठीत म्हणालास, “बघू म्हणजे काय सांगू? हो की नाही?”

“बघू म्हणजे बघू. सांग ना.”

“तसं सांगता येत नाही. ‘वामुश वेर’ म्हटलं तर ती समजणार, खरंच बघून सांगतील. आपलं ‘बघू’ म्हणजे नाही. तुला कुठलं म्हणायचंय?”

सगळे आपल्याकडे बघत होते. मला उकडत होतं आणि ही सभा संपायला हवी होती. मी म्हणालो, “अरे, हो म्हण रे. हो म्हण आणि आटप. पुढचं पुढे बघता येईल.”

तेव्हा तू जे म्हणालास ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तू म्हणालास, “अरे, तू दिंडोशीचा ना?”

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. पार्ल्यातली आमची चाळ पाडली तेव्हा आम्हाला ‘थोडे दिवस’ म्हणून दिंडोशीच्या संक्रमण शिबिरात हलवलं. त्याच जागी घर मिळेल, असं सांगितलं होतं. माझे वडील गिरणीत होते, ते रविवारी पार्ल्याला येऊन आपल्या चाळीच्या जागी पाया किती वर आला ते बघून जायचे. पाया वर आला, इमारत झाली, यादीत आमचं नाव नव्हतं. वडील दिंडोशीतच गेले. मी अजून दिंडोशीतच राहतो. तेव्हा ‘त्याच जागी घर’ ह्या शब्दांचा अर्थ त्या झाडाखाली माझ्याइतका कुणालाच माहीत नव्हता.

मी तुला म्हणालो, “ते इथे काढू नकोस. हो म्हण.”

तू ‘सीं’ म्हणालास. ती म्हातारी हुशार. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तुझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाली. “पालाव्र?”

तू मला म्हणालास, “ती विचारतेय, शब्द का?”

मी मान हलवली.

तू म्हणालास, “पालाव्र.”

शब्द देणं हे दोन्ही भाषांत सारखंच, असं तू कॅम्पवर परतताना म्हणालास. नेहमी असं काही सापडलं की तू खूश व्हायचास. त्या दिवशी नव्हतास.

त्या लोकांनी पुढच्या काही दिवसांत आपले पत्रे आपणच उतरवले. बुलडोझरपुढे कुणी आडवं झालं नाही, पोलीस लागले नाहीत. साहेबांनी माझं अभिनंदन केलं. ट्रक भरून जात असताना दोना फिलोमेना तुला म्हणाली, “इश्तामुश जुंतुश.” तिथे निरोप घेताना असं म्हणतात. आपण एकत्र आहोत.

नाला झाला, रस्ता झाला. वसाहतीची जागा कुणा बड्या माणसाच्या कंपनीकडे गेली आणि तिथे मनोऱ्यासारखी इमारत येणार अशी पाटी लागली. मग ती माणसं लांबच्या जागेवरून चालत, वाहनं बदलत आली आणि सरकारी खात्यापुढे उभी राहिली. ती काय मागत होती? कंपनीच्या म्हाताऱ्या माणसाने आम्हाला शब्द दिला आहे, एवढंच सांगत होती. खात्याने आमच्या कंपनीला बोलावलं. साहेब मुंबईहून आले. आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “असं वचन द्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?” मी म्हणालो, “मी फक्त ‘बघू’ म्हणालो होतो.”

हे खोटं नव्हतं. मी ‘बघू’ म्हणालो होतो. त्या झाडाखाली मराठी कळणारे आपण दोघंच होतो, आणि उरलेलं वाक्य तुझ्याशिवाय कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खात्यात बैठक होती. लांब टेबल, थंडगार खोली, खिडकीतून खाडी दिसत होती. टेबलाच्या एका बाजूला ते अधिकारी, दुसऱ्या बाजूला साहेब आणि मी, मध्ये तू. कारण दुसरा दुभाषी आमच्याकडे नव्हता. ह्याचा विचार साहेबांनी केला नव्हता आणि मीही नाही. अधिकाऱ्याने मला सरळ विचारलं, लोकांना घराचं वचन तुम्ही दिलंत का. तू ते मला मराठीत सांगितलंस. मी टेबलाकडे बघत म्हणालो, “नाही. मी ‘बघू’ म्हणालो होतो. दुभाष्याने चुकीचं सांगितलं.”

तू क्षणभरही थांबला नाहीस. माझं वाक्य तू पोर्तुगीजमध्ये सांगितलंस. सगळं सांगितलंस, एक शब्द गाळला नाहीस. नेहमीसारखा ‘मी’ म्हणून सांगितलंस: मी ‘बघू’ म्हणालो होतो, दुभाष्याने चुकीचं सांगितलं. अधिकारी गोंधळला. इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, कोण दुभाषी? तेव्हा तू पहिल्यांदा आणि शेवटचं स्वतःचं म्हणून काही बोललास.

“एऊ,” तू म्हणालास. मी.

साहेबांनी नंतर तुला फार सभ्यपणे सांगितलं की कंपनीचाही नाइलाज आहे. तू सामान बांधलंस. मी मदतीला आलो तर म्हणालास, “बॅगची चावी बघ रे, कुठे ठेवली.” मी शोधून दिली. एवढंच बोलणं झालं.

मी तिथे आणखी राहिलो, बढती घेऊन परतलो. तोवर मुंबईत किस्सा तयार झाला होता. कंपनीतल्या कुणाकडून तरी तो बंड्यापर्यंत पोचला, बंड्याकडून सगळ्यांपर्यंत. तू तो खोडला नाहीस. पार्ल्यातल्या दोघा-तिघांना पोर्तुगीज शिकवायचं तू ठरवलं होतंस. ते यायचे बंद झाले. ह्यावर तू मला एवढंच म्हणालास, “ज्याचं ‘बघू’ चुकतं त्याच्याकडे कोण शिकणार?” म्हणताना हसलास. मला तेव्हा हसू आलं नाही, हे तुला दिसलं असेल अशी आशा आहे.

मग आपला तो वाद सुरू झाला. खरं तर दुसरा वाद घालता येत नव्हता म्हणून आपण तो घालत होतो. तू म्हणायचास, ‘बघू’चं भाषांतर होऊच शकत नाही. मी म्हणायचो, का नाही, ‘वामुश वेर’ आहे ना. तू म्हणायचास, “ते बघणाऱ्या माणसाचं वाक्य आहे. आपलं न बघणाऱ्याचं आहे.” मी म्हणायचो, उगाच भाषेचा बाऊ करतोस. तुमच्या गॅलरीत चहा व्हायचा, वहिनी म्हणायच्या, “आलात का पुन्हा ‘बघू’वर? एकदा काय ते बघून टाका.” दर वेळी मी घरून ठरवून निघायचो की आज हा वाद सोडून सरळ बोलायचं. दर वेळी तू पहिलं वाक्य टाकायचास आणि मी दुसरं. तूही मुद्दाम टाकायचास का रे? मला वाट करून देत होतास, की माझी वाट अडवत होतास? हे विचारायचं राहिलं.

एकदाच तू त्याच्या बाहेर आलास. आपण वर्सोव्याला मढच्या बोटीच्या धक्क्यावर बसलो होतो. समोर बोंबील वाळत होते. तू मोबाइलवर लुआंडाच्या बातम्या वाचत होतास. जगात तेलाचे भाव पडल्यावर तिथल्या क्रेन थांबल्या होत्या, परदेशी कंपन्या निघून गेल्या होत्या. तू म्हणालास, “तो मनोरा झालाच नाही. खांब उभे आहेत नुसते. खाली गवत.” मग फोन खिशात ठेवून सहज म्हणालास, “निघायच्या आधी मी गेलो होतो तिच्याकडे. दोना फिलोमेनाकडे.”

“कशाला?”

“माझ्या तोंडून गेलं होतं ना. दिश्कुल्प म्हटलं.”

“ती काय म्हणाली?”

“म्हणाली, इथून बाजार लांब पडतो.” तू पाण्याकडे बघत राहिलास. “तिला विचारायचं होतं, तू बोललास की तो बोलला. विचारलं नाही तिने. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, माहीत नाही. मी काही संत नाही रे. रात्रंदिवस तुला शिव्या घातल्यात मी. पोर्तुगीजमधून. मराठीतून कुंदाला कळलं असतं.”

तेव्हा बोलायचं होतं मला. शब्दही तूच हातात दिला होतास. तो मला पूर्वी तूच शिकवला होतास, लुआंडाच्या रस्त्यावर कुणाचा तरी मला धक्का लागला तेव्हा. तो माणूस ‘दिश्कुल्प’ म्हणून गेला. तू म्हणालास, कुल्प म्हणजे दोष. माझ्यावरचा दोष काढ, असं तो तुला सांगून गेला. मी म्हणालो, आपल्यात असं काही नाही. तू म्हणालास, “आपल्यात ‘जाऊ दे ना’ आहे. आणि तेही ज्याचं चुकतं तोच म्हणतो.”

धक्क्यावर मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, “चल, बोंबील घेऊन टाकू, नंतर चांगले मिळत नाहीत.” तू उठलास. कोळणीशी भाव करताना तू पुन्हा तूच झालास. माझ्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखं मला वाटलं, आणि ह्याचीच मला आता लाज वाटते.

तर बंड्या, कुंदावहिनी, आणि जे कुणी त्या दिवशी हसले ते सगळे: सदानंदचं भाषांतर चुकलं नव्हतं. त्याने माझं ‘हो’ बरोबर सांगितलं आणि माझं खोटंही बरोबर सांगितलं. हा किस्सा पुढे सांगायचाच असेल तर आता असा सांगा.

सदा, मागच्या महिन्यात अंधेरीच्या हॉस्पिटलात मी तुला भेटायला आलो तेव्हा दुपार होती. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तू बराच हडकला होतास, पण डोळे ठीक होते. नाकातली नळी तुला आवडत नव्हती आणि तू नर्सला त्याबद्दल कोकणीत काहीतरी बोलत होतास. मी घरून ठरवून आलो होतो. मराठीत ते शब्द माझ्या तोंडून फुटणार नाहीत हे मला इतक्या वर्षांनी कळलं होतं, म्हणून तुझ्या भाषेत म्हणायचं ठरवलं होतं. दिंडोशीपासून बसमध्ये मनातल्या मनात घोकत आलो होतो. नर्स गेली. मी स्टूल जवळ ओढलं आणि म्हणालो, “सदा, दिस्कल्पा.”

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला कळलं असं मला वाटलं. अजूनही वाटतं. मग तुझ्या कपाळाला ती जुनी आठी पडली.

“दिश्कुल्प,” तू म्हणालास. आवाज अगदी बारीक होता. “उ आहे त्यात. कल्पा काय? कुणाची मुलगी आहे ती?”

आणि तू हसलास, मग खोकलास, खूप वेळ खोकलास. वहिनी आल्या. त्यांनी तुझी पाठ चोळली, मला म्हणाल्या, “भाऊजी, बोलायला लावू नका त्यांना.” मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा तू हात वर करून मला थांबवलंस.

“उद्या ये,” तू म्हणालास. “नीट म्हणून दाखव.”

आणि मी, सवयीने, म्हणालो, “बघू.”